साखर, स्मृती आणि लोकलचे वेळापत्रक

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या जेमतेम दोन टक्के असते, पण शरीर विश्रांती घेत असताना जी ऊर्जा खर्च होते तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा अवयव वापरतो, आणि त्यासाठी त्याला दिवसाकाठी १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. स्नायू आणि यकृत यांना ही साखर ग्लायकोजेनच्या, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांच्या, रूपात साठवता येते. मेंदूपाशी असा साठा अगदीच अल्प असल्याने त्याला रक्तातून अखंड येणाऱ्या पुरवठ्यावर विसंबून राहावे लागते. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात एका वेळी चार-पाच ग्रॅमच ग्लुकोज फिरत असते, म्हणजे चहाच्या एका चमच्यात मावेल इतके, आणि तेवढे मेंदू साधारण तासाभरात संपवतो. तरीही रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी पूर्ण शुद्धीत उठतो, कारण यकृत रात्रभर आपल्या साठ्यातून रक्तात मोजूनमापून साखर सोडत असते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन व ग्लुकागॉन ही दोन संप्रेरके, म्हणजे रक्तातून निरोप पोचवणारी रसायने, ही पातळी फार चढू किंवा उतरू देत नाहीत.

हा व्यवहार एकतर्फी नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली, तेव्हा त्या सशाच्या लघवीत साखर उतरली. साखरेचे नियमन हे केवळ पोटाचे काम नसून त्यात मेंदूचाही हात आहे, हे त्यातून प्रथम दिसले. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत या नात्याची दुसरी बाजूही उलगडत गेली: रक्तातील साखर ज्या रीतीने चढते-उतरते, त्या रीतीने मेंदूतील रसायनेही बदलतात, आणि त्याचा पहिला परिणाम ज्या क्षमतांवर होतो त्यांत स्मृती आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांना हा विषय शास्त्रीय कुतूहलापुरता ठेवता येण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि शहरी भागातील प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण १६.४ टक्के आहे. शिवाय देशातील १५.३ टक्के प्रौढ मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे साखर वाढू लागली आहे पण मधुमेहाच्या रेषेपर्यंत पोचलेली नाही अशा स्थितीत, आहेत. या शहरांतील नोकरदारांचा दिवस भुकेप्रमाणे नव्हे तर गाडीच्या वेळेप्रमाणे आखलेला असतो, आणि मेंदूच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

नव्या आठवणी तयार करण्याचे मुख्य केंद्र हिपोकॅम्पस हे आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर आत खोल असलेला हा वळणदार भाग नसला तर काय होते, हे १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणावर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर जगाला कळले: अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून त्याचा दोन्ही बाजूंचा हा भाग बव्हंशी काढण्यात आला आणि त्यानंतर भेटलेला कोणताही माणूस, वाचलेले कोणतेही पान त्याच्या लक्षात राहिनासे झाले. हिपोकॅम्पस साखरेच्या बाबतीत किती हळवा आहे, हे मात्र पुढे पाच दशकांनी इवान मॅकने आणि पॉल गोल्ड यांच्या उंदरांवरील प्रयोगांत दिसले. या संशोधकांनी उंदराच्या हिपोकॅम्पसमध्ये केसासारखी बारीक नळी बसवून तेथील पेशींभोवतालच्या द्रवाचे थेंब मिनिटामिनिटाला गोळा केले आणि त्याच वेळी उंदराला चक्रव्यूहात सोडले. कोणत्या वाटेने आपण नुकतेच जाऊन आलो हे ध्यानात ठेवून फिरताना त्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमधील ग्लुकोज जवळजवळ एक तृतीयांशाने खाली आले. चक्रव्यूह सोपा केला तेव्हा ही घट बरीच कमी झाली. आठवण ठेवण्याच्या कामात त्या नेमक्या जागेची साखर प्रत्यक्ष खर्ची पडते आणि काम जितके अवघड तितकी ती जास्त पडते, असा याचा अर्थ. म्हाताऱ्या उंदरांत ही घट अधिक खोल होती आणि पातळी पूर्ववत व्हायला वेळही अधिक लागत होता, ही नोंद ज्येष्ठांच्या विस्मरणाकडे पाहताना विसरता कामा नये.

या टप्प्यावर मराठी घरातील एक प्रथा आठवल्याशिवाय राहत नाही. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर ठेवण्यामागे शुभशकुनाची भावना आहे आणि ती तशीच जपावी. परंतु त्या चमचाभर साखरेने स्मरण तल्लख होते, असा अर्थ तिच्यातून काढू नये. गोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्क माणसांना लिंबू सरबतातून ग्लुकोज देऊन पाहिले, तेव्हा ऐकलेला मजकूर नंतर सांगण्यात काहीशी सुधारणा दिसली हे खरे. मात्र अशा प्रयोगांतील मात्रा साधारणपणे २५ ते ५० ग्रॅमची असते, माणूस रात्रभर उपाशी असतो, आणि मात्रा वाढवत नेल्यास फायदा वाढत न जाता नाहीसा होतो. २०१९ मध्ये ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा गोड खाल्ल्याने मन उल्हसित होते या समजाला आधार सापडला नाही. उलट अर्ध्या तासात थकवा आणि तासाभरात सतर्कतेत घट आढळली. मेंदूला हवी असते ती साखरेची भर नव्हे, तर तिच्या पातळीचे सातत्य.

सातत्याची ही गरज रसायनांच्या पातळीवर नीट समजते. चेतापेशी, म्हणजे मेंदूतील संदेशवाहक पेशी, एकमेकींशी चेतापारेषक नावाच्या रसायनांमार्फत बोलतात आणि त्यांपैकी कित्येकांचा कच्चा माल ग्लुकोजच्याच विघटनातून येतो. शिकण्याच्या क्रियेत आघाडीवर असलेले ग्लुटामेट, चेतापेशींना आवर घालणारे गाबा आणि लक्ष व स्मरण यांसाठी आवश्यक असलेले ॲसिटिलकोलिन ही तिन्ही त्यात येतात. ॲसिटिलकोलिनचा अर्धा भाग अन्नातील कोलीनपासून मिळतो, तर उरलेला ग्लुकोज जळताना तयार होणाऱ्या एका मधल्या रेणूपासून. चेतापेशींच्या शेजारी तारकापेशी नावाच्या सहायक पेशी असतात आणि मेंदूतील जो काही थोडा ग्लायकोजेन आहे तो प्रामुख्याने यांच्याजवळच असतो. गरज पडताच त्या तो मोडून लॅक्टेट नावाचे इंधन चेतापेशींना पुरवतात. उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये ही देवघेव औषधाने रोखली, तेव्हा शिकलेली गोष्ट थोडा वेळ लक्षात राहिली, पण टिकाऊ आठवण बनली नाही, असे २०११ च्या एका अभ्यासात आढळले.

दुपारच्या जेवणानंतर कचेरीत येणारी पेंगही याच रसायनशास्त्राचा भाग आहे. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात ओरेक्सिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या मोजक्या चेतापेशी माणसाला जागे ठेवतात, आणि ग्लुकोज वाढले की त्या मंदावतात. नुसता भात किंवा नुसते गोड खाल्ले तर आणखी एक गोष्ट घडते: इन्सुलिन वाढून बहुतेक अमिनो आम्ले स्नायूंत ओढली जातात, मागे राहिलेल्या ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरायला वाव मिळतो आणि त्यापासून सेरोटोनिन हे शांतवणारे चेतापारेषक तयार होते. जेवणात थोडी जरी प्रथिने असली तरी हा परिणाम मावळतो. डब्यातली उसळ किंवा घट्ट वरण या हिशेबात फार मोलाचे आहे.

आता डोंबिवलीहून किंवा कल्याणहून मुंबईला जाणाऱ्या एखाद्या पन्नाशीच्या नोकरदाराच्या दिवसाकडे या नजरेने पाहता येईल. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ५० किलोमीटरच्या वर आहे, आणि जलद गाडीलाही तासाच्या आसपास वेळ लागतो. ठरलेली गाडी चुकू नये म्हणून सकाळी साखरेचा चहा आणि दोन बिस्किटे एवढ्यावर घर सोडले जाते, आणि मधुमेहाची गोळी त्याच घाईत घेतली जाते. ही गोळी ग्लिमेपिराईड किंवा ग्लिक्लाझाईड यांसारखी, म्हणजे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणारी असेल, तर ती आपले काम अन्न पोटात पडो वा न पडो करतेच. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून गाडी मुंब्रा-दिवा पट्ट्यात थांबली, डबा उघडण्याइतकीही जागा गर्दीत नसली, तर साखर उतरू लागते. ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते आणि घाम, हातांची थरथर, छातीत धडधड अशी लक्षणे दिसतात, पण तुडुंब भरलेल्या डब्यात घाम आणि धडधड यांत कुणालाच वेगळे काही वाटत नाही. ५४ च्या खाली मेंदूचेच इंधन तुटते: उतरायचे स्टेशन ओळखू येत नाही, साधा हिशेब जमत नाही, बोलणे अडखळते, आणि पुढे त्या अर्ध्या तासाची आठवणही राहत नाही, कारण हिपोकॅम्पसने तो काळ नोंदवलेलाच नसतो. ‘शुगर लो झाली’ एवढ्याच शब्दांत हा प्रसंग घरी सांगितला जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच गोळी त्याच वेळी घेतली जाते. वास्तविक अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, बरे वाटताच काही खाऊ घालावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून गोळीची मात्रा व वेळ तपासून घ्यावी, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; थेट रुग्णालय गाठावे.

साखर उतरण्याचे हे प्रसंग तात्पुरते समजले जातात, आणि ही समजूत धोक्याची आहे. उत्तर कॅलिफोर्नियातील टाइप-२ मधुमेहाच्या सोळा हजारांहून अधिक वयस्क रुग्णांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना साखर कमी झाल्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे दैनंदिन व्यवहार कोलमडावेत इतक्या विस्मरणाचे, प्रमाण जास्त आढळले. तीन किंवा अधिक वेळा असे घडलेल्यांत ते जवळपास दुप्पट होते. शिवाय साखर वारंवार उतरत राहिली की शरीराची धोक्याची घंटा बोथट होते आणि घाम-थरथर न येताच माणूस भ्रमिष्ट होऊ लागतो.

चढलेली साखर असा गाजावाजा करत नाही. तिचे काम संथ असते आणि ते दोन वाटांनी चालते. पहिली वाट रक्तवाहिन्यांची: दीर्घकाळ जास्त राहिलेले ग्लुकोज प्रथिनांना चिकटते, केसांएवढ्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर करते, आणि मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे चेतापेशींना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला, रक्त अपुरे पडू लागते. डोळ्याच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडात दिसणारी इजा ती हीच. अशा माणसाला जुन्या गोष्टी स्वच्छ आठवतात, पण एका वेळी दोन कामे सांभाळणे जड जाते आणि विचारांचा वेग मंदावतो. दुसरी वाट इन्सुलिनची. मेंदूत इन्सुलिनचे ग्राहक, म्हणजे ते ओळखणारे रेणू, असल्याचे १९७८ मध्ये समजले आणि हिपोकॅम्पसमध्ये ते भरपूर आहेत. चेतापेशींना ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिनची फारशी गरज नसते, परंतु दोन चेतापेशींमधील जोड पक्के होण्यात, अर्थात शिकण्यात, ते सहभागी असते. स्थूलपणात पेशी इन्सुलिनला जुमानेनाशा होतात तशा मेंदूतल्या पेशीही होतात. त्यात भर म्हणजे इन्सुलिनची विल्हेवाट लावणारे विकरच, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिनच, बीटा-ॲमिलॉईड या अल्झायमरच्या आजारात साचणाऱ्या प्रथिनाचीही विल्हेवाट लावते, आणि रक्तात इन्सुलिन सतत जास्त असेल तर हे विकर इन्सुलिनच्याच कामात गुंतून पडत असावे, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. या साऱ्यावरून अल्झायमरला ‘टाइप-३ मधुमेह’ म्हणण्याचा प्रघात २००५ नंतर पडला. तो लक्ष वेधून घेणारा असला तरी अल्झायमरमागे आनुवंशिकतेसह इतरही कारणे आहेत आणि वैद्यकाने हे नाव रोगाचे अधिकृत नाव म्हणून स्वीकारलेले नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील सहा हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या पाहणीत १९९९ मध्ये मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला होता. त्याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष २०१३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल परिसरातून आला: ज्यांना मधुमेह नव्हताच, अशांतही सरासरी साखर १०० ऐवजी ११५ असणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका १८ टक्क्यांनी अधिक होता. ‘बॉर्डरवर आहे, काळजी नाही’ असे जे आश्वासन अहवाल हाती आल्यावर दिले-घेतले जाते, ते मेंदूच्या बाबतीत पुरेसे नाही.

भारतीय, आणि त्यातही महाराष्ट्रीय, शरीराची या बाबतीतली खास अडचण पुण्यात उलगडली. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपली दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली: उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटकुळ्या दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, याचे उत्तर या एका छायाचित्राने दिले. याज्ञिकांच्याच पुढाकाराने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातापोषणाच्या अभ्यासातून आणखी एक धागा पुढे आला. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि अल्पकालीन स्मृती यांच्या चाचण्यांत मागे पडली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदवले आहे. चेतातंतूंवरील आवरणासाठी अत्यावश्यक असलेले हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळपास मिळत नाही. आणि मधुमेहावर सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे आतड्यातील शोषण आणखी घटते. मेटफॉर्मिन हे चांगले औषध आहे आणि कुणीही ते स्वतःच्या मनाने थांबवू नये. पण डोंबिवलीतील अनेक वर्षे गोळी घेणाऱ्या शाकाहारी आजींचे विसरणे ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याआधी त्यांचे बी-१२ मोजले जायला हवे, कारण ती कमतरता इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही चाचणीही डोळे झाकून वाचू नये: लोहाच्या कमतरतेमुळे पांडुरोग असलेल्या स्त्रियांत तिचा आकडा खऱ्याहून जास्त दिसू शकतो.

मग साखर जितकी खाली तितके बरे, असे आहे काय? अमेरिका आणि कॅनडातील ॲकॉर्ड या मोठ्या चाचणीत रुग्णांची साखर औषधांनी फार कडकपणे खाली ठेवली गेली. २००८ मध्ये त्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने तो उपचार थांबवावा लागला आणि चाळीस महिन्यांनंतर केलेल्या स्मृतीच्या चाचण्यांतही या गटाला काही फायदा झालेला दिसला नाही. नाकावाटे इन्सुलिन फवारून अल्झायमर रोखण्याच्या प्रयत्नालाही २०२० मधील चाचणीत यश आले नाही. चालण्याचा पुरावा याहून आश्वासक आहे: आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे भरभर चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिपोकॅम्पस वर्षभरात दोन टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये नोंदवले गेले, तर न चालणाऱ्यांचा आक्रसला. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावलीही साखरेचा चढ बोथट करते. ठाण्यात मासुंदा तलावाचा काठ आणि उपवन, कल्याणात काळा तलाव या जागा त्यासाठी आहेतच. प्रश्न वेळेचा आहे. रात्री साडेनऊ-दहाला घरी पोचून जेवणाऱ्याच्या शरीरात झोपेचे मेलाटोनिन वाढू लागलेले असते, ते इन्सुलिनचे स्रवण कमी करते, आणि तीच पोळी-भाजी सायंकाळी सातला खाल्ली असती तर जितकी साखर वाढली असती त्यापेक्षा ती रात्री जास्त वाढते.

ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी येथेच सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मनाच्या आजारांविषयी मोकळेपणी बोलायला शहराला शिकवले. मधुमेहींत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असते, आणि नैराश्यातही विसरायला होते. म्हणून विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्याची साखर, बी-१२ आणि मनःस्थिती या तिन्हींची विचारपूस एकाच भेटीत व्हायला हवी. उलट बाजूनेही तेच: मधुमेहाच्या तपासणीत डोळे आणि पावले पाहिली जातात, तशी स्मृतीही पाहिली जावी. पाच शब्द सांगून पाच मिनिटांनी ते विचारणे, १०० मधून ७ वजा करत खाली येणे, घड्याळाचे चित्र काढून सांगितलेली वेळ दाखवणे, एवढ्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि यंत्रसामग्री काहीच लागत नाही. साठी ओलांडलेल्या प्रत्येक मधुमेहीने, आणि तो विसरत असेल तर त्याच्या मुला-सुनांनी, पुढच्या भेटीत डॉक्टरांना आपल्या गाडीच्या, जेवणाच्या आणि गोळीच्या वेळा एका कागदावर लिहून दाखवाव्यात आणि ही चाचणी करून मागावी.